टेस्ट एकटी पास, सगळ्यांबरोबर फेल: सामायिक स्टेटला जोडलेल्या कंपोनंटच्या टेस्टचं दुखणं

लक्षण ओळखीचं आहे. कंपोनंटची, म्हणजे स्क्रीनच्या एका तुकड्याची, टेस्ट एकटी चालवली की हिरवी, पूर्ण फाइल चालवली की लाल. पुण्यातल्या लॅपटॉपवर दहापैकी दहा वेळा पास आणि सीआयवर (कोड आला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर) मात्र दिवसाआड फेल. कोणीतरी 'पुन्हा चालवा' बटण दाबतं, ती पास होते आणि कोड मर्ज होतो. पंधरा दिवसांनी तीच टेस्ट पुन्हा पडते आणि तोवर तिच्या निकालावरचा सगळ्यांचा विश्वास उडालेला असतो.

हे दुखणं बहुतेक वेळा कंपोनंटमध्ये नसतं. दोन टेस्टमध्ये नकळत काहीतरी सामायिक राहिलेलं असतं: स्टोअर (सामायिक स्टेट, म्हणजे सध्याची माहिती, ठेवण्याची जागा), कॅश, घड्याळ, लोकलस्टोरेज किंवा फिक्स्चरचं (टेस्टसाठी तयार ठेवलेल्या नमुना डेटाचं) एखादं ऑब्जेक्ट. ते नेमकं काय आहे हे शोधणं हेच काम. खालचं विवेचन रिअ‍ॅक्ट, रिडक्स टूलकिट आणि रिअ‍ॅक्ट टेस्टिंग लायब्ररी धरून आहे. टेस्ट रनर जेस्ट किंवा व्हिटेस्ट. झुस्टँड आणि रिअ‍ॅक्ट क्वेरी या स्टेट आणि सर्व्हरचा डेटा सांभाळणाऱ्या दुसऱ्या लायब्ररींचं वेगळेपण जिथल्या तिथे सांगितलं आहे.

उदाहरण

एका गृहनिर्माण सोसायटीचं अ‍ॅप धरू. त्यात 'पाणीसूचना कार्ड' नावाचा कंपोनंट आहे. सामायिक स्टेटमध्ये तीन स्लाइस (स्वतंत्र भाग): 'सदस्य' (लॉगिन कोणाचं, कोणती विंग, साधा सभासद की सचिव), 'सूचना' (पाणी बंदची पत्रकं) आणि 'टँकर' (मागवलेले टँकर, थकलेलं बिल). गुरुवारी पाणी बंद असेल तर कार्ड वर पट्टी दाखवतं, "शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल" ही पुणेकरांना पाठ असलेली ओळ दाखवतं आणि सचिवाला 'टँकर मागवा' हे बटण देतं. बटण दाबलं की सर्व्हरकडे विनंती जाते आणि परत आल्यावर कार्डावर 'टँकर मागवला' असं दिसतं.

कंपोनंट लहान आहे, पण त्यात दुखण्याची सगळी कारणं आहेत: स्टेट वाचणं, स्टेट बदलणं, सर्व्हरची विनंती, तारीख आणि रक्कम.

आधी निदान, मग औषध

फेल होणारी टेस्ट हातात आली की लगेच कोड बदलू नका. आधी चार गोष्टी या क्रमाने करा.

१. फक्त तीच टेस्ट चालवा. जेस्ट आणि व्हिटेस्ट दोन्हींत 'उणे टी' (-t) या पर्यायापुढे टेस्टचं नाव देता येतं. एकटीही फेल झाली तर गळतीचा, म्हणजे एका टेस्टचं उरलेलं दुसरीत जाण्याचा, प्रश्न नाही. 'प्रोव्हायडर सापडत नाही' किंवा 'अर्धवट स्टेट' या भागांकडे जा.

२. एकटी पास झाली तर तिची पूर्ण फाइल चालवा. इथे फेल झाली तर दोष त्याच फाइलमधल्या आधीच्या एखाद्या टेस्टमध्ये आहे. आधीच्या टेस्टपैकी अर्ध्या 'स्किप' करा. तरीही फेल होत असेल तर दोषी उरलेल्या अर्ध्यांत. वीस टेस्ट असतील तर पाचेक फेऱ्यांत नेमकी टेस्ट सापडते.

३. फाइल एकटी पास, पण सगळ्या फाइल्स एकत्र चालवल्यावर फेल होत असेल तर विचार बदला. जेस्ट प्रत्येक टेस्ट फाइलला मॉड्यूलची नवी नोंदवही देतो, व्हिटेस्टही मूळ सेटिंगमध्ये फाइल्स एकमेकींपासून अलग ठेवतो. म्हणजे एका फाइलमधलं रिडक्स स्टोअर दुसऱ्या फाइलमध्ये पोहोचूच शकत नाही. मग संशयित दोनच. वेग वाढवण्यासाठी कोणीतरी व्हिटेस्टचं 'आयसोलेट' बंद केलेलं असतं, नाहीतर मशीनवर ताण येऊन वेळेची मर्यादा ओलांडली जात असते.

४. लॅपटॉपवर सगळं पास आणि सीआयवरच फेल होत असेल तर टाइमझोन, लोकॅल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) आणि वेग, या क्रमाने बघा.

टेस्टचा क्रम मुद्दाम विस्कटून पाहणंही उपयोगाचं आहे. जेस्टमध्ये 'रँडमाइझ' आणि व्हिटेस्टमध्ये 'सीक्वेन्स शफल' हा पर्याय आहे. फेल झालेल्या फेरीचा सीड (क्रम ठरवणारा आकडा) टिपून ठेवा. तोच सीड दिला की तोच क्रम परत मिळतो.

सर्वांत मोठं कारण: एकच स्टोअर सगळ्यांना

अ‍ॅपमध्ये 'स्टोअर' नावाची फाइल असते. तिच्यात कॉन्फिगरस्टोअर बोलावून तयार झालेलं स्टोअर थेट एक्स्पोर्ट केलेलं असतं. टेस्ट तेच आयात करते. पहिली टेस्ट 'टँकर मागवा' दाबते आणि टँकर स्लाइसमध्ये एक नोंद पडते. दुसरी टेस्ट म्हणते, "सुरुवातीला एकही टँकर मागवलेला नसावा" आणि पडते. एकटी चालवली तेव्हा पास होणारच, कारण तिच्या आधी कोणी बटण दाबलेलं नसतं.

फाइलच्या डोक्यावर किंवा डिस्क्राइबच्या आत, पण टेस्टच्या बाहेर, एकदाच बनवलेलं स्टोअरही हेच करतं. बिफोरऑलमध्ये (सगळ्या टेस्टआधी एकदाच चालणाऱ्या भागात) बनवलं तरी तेच.

दुरुस्ती अशी. स्टोअरच्या फाइलमध्ये स्टोअरऐवजी स्टोअर बनवणारं फंक्शन ठेवा. नाव 'सेटअपस्टोअर' देण्याची प्रथा आहे. ते प्रीलोडेडस्टेट (सुरुवातीची स्टेट) हे एक ऐच्छिक आर्ग्युमेंट घेतं आणि रूट रिड्यूसर (स्टेट कशी बदलायची ते ठरवणारं मुख्य फंक्शन), सगळी मिडलवेअर (स्टोअरच्या वाटेवर काम करणारे मधले थर) आणि तो प्रीलोडेडस्टेट देऊन नवं स्टोअर परत करतं. खरं अ‍ॅप सुरू होताना हे फंक्शन एकदा बोलावलं जातं. टेस्टमध्ये ते प्रत्येक टेस्टसाठी नव्याने बोलावलं जातं.

मग टेस्टच्या मदतनीस फाइलमध्ये 'रेंडरविथप्रोव्हायडर्स' नावाचं दुसरं फंक्शन लिहा. ते कंपोनंट आणि पर्याय घेतं. पर्यायांत स्टोअर दिलं नसेल तर सेटअपस्टोअरने नवं बनवतं, रेंडरला रॅपर म्हणून प्रोव्हायडर (आतल्या कंपोनंटना स्टोअर पुरवणारं वेष्टण) देतं आणि रेंडरच्या उत्तराबरोबर स्टोअरही परत करतं. राउटर, थीम, भाषांतराचा प्रोव्हायडर असेल तर तोही याच रॅपरमध्ये घाला. यानंतर कोणत्याही टेस्टमध्ये प्रोव्हायडर हाताने लिहायची वेळ आली तर समजा, मदतनीस फंक्शनात काहीतरी कमी आहे.

इथे एक आग्रह. टेस्टसाठी वेगळं, छोटं स्टोअर हाताने जुळवू नका. त्यात एखादं मिडलवेअर राहून जातं. आरटीके क्वेरी (रिडक्स टूलकिटमधली सर्व्हरचा डेटा आणण्याची सोय) वापरत असाल तर तिचं मिडलवेअर जोडलेलं नसल्याची तक्रार येते आणि कॅश, पोलिंग, पुन्हा विनंती करणं यांतलं काहीच खऱ्यासारखं चालत नाही. टेस्टचं स्टोअर आणि अ‍ॅपचं स्टोअर एकाच फंक्शनातून निघालं पाहिजे.

युजसिलेक्टर मॉक करण्याचा मोह

प्रोव्हायडर नको, स्टोअर नको, म्हणून अनेक जण रिअ‍ॅक्ट-रिडक्स हे पूर्ण मॉड्यूलच मॉक करतात (त्याजागी खोटं बसवतात) आणि युजसिलेक्टर या स्टोअरमधून वाचणाऱ्या हुकला ठरावीक उत्तरं द्यायला लावतात: पहिल्यांदा सदस्य, दुसऱ्यांदा सूचना, तिसऱ्यांदा टँकर. 'मॉकरिटर्नव्हॅल्यूवन्स' तीनदा लिहिलं की काम झालं असं वाटतं.

हे पुन्हा पुन्हा का मोडतं ते नीट समजून घ्या. हुक किती वेळा बोलावला जाईल हे टेस्टच्या हातात नाही. कंपोनंटची लोकल स्टेट बदलली की तो पुन्हा रेंडर होतो आणि युजसिलेक्टर पुन्हा तीनदा बोलावला जातो. तोवर तीन उत्तरं संपलेली असतात, मग 'अनडिफाइन्ड' मिळतं आणि सदस्याची भूमिका वाचताना कंपोनंट कोसळतो. कोणी कंपोनंटमध्ये चौथा सिलेक्टर वर घातला तर क्रमच सरकतो आणि सदस्याच्या जागी सूचना येते. स्ट्रिक्ट मोडमध्ये डेव्हलपमेंट बिल्ड रेंडर दोनदा करतो, तिथेही हिशेब चुकतो.

सिलेक्टर फंक्शनला खोटी स्टेट देऊन उत्तर काढणारा मॉक क्रमाचा प्रश्न सोडवतो, पण त्यात डिस्पॅचने (स्टोअरला बदल कळवल्याने) काहीच बदलत नाही. बटण दाबल्यावर कार्डावर 'टँकर मागवला' दिसतं का, हे त्या टेस्टला कधीच तपासता येणार नाही. मग फक्त "डिस्पॅच बोलावला गेला का" एवढंच तपासलं जातं. रिड्यूसर चुकीचा असला तरी अशी टेस्ट हिरवी राहते. रिडक्स-मॉक-स्टोअर या जुन्या पॅकेजचंही तेच: ते अ‍ॅक्शनची यादी ठेवतं, स्टेट हलवत नाही. रिडक्सच्या अधिकृत मार्गदर्शनातही आता खऱ्या स्टोअरसह टेस्ट लिहा असंच सांगितलं आहे.

खरं स्टोअर, खरे रिड्यूसर, खरे सिलेक्टर. खोटा फक्त सर्व्हर. ही रेघ पक्की धरा. सर्व्हर खोटा करायला एमएसडब्ल्यू (विनंत्या अडवून खोटी उत्तरं देणारी लायब्ररी) वापरा. टेस्ट सुरू होण्याआधी लिसन, प्रत्येक टेस्टनंतर रीसेटहँडलर्स, शेवटी क्लोज. मधलं विसरलं तर एका टेस्टने लावलेला 'सर्व्हर ५०० देतो' हा हँडलर पुढच्या टेस्टलाही लागू राहतो. म्हणजे पुन्हा गळतीच.

कनेक्ट (कंपोनंटला स्टोअर जोडण्याची हुकआधीची पद्धत) वापरणारा जुना कोड असेल तर न जोडलेला मूळ कंपोनंट नावाने एक्स्पोर्ट करून त्याला प्रॉप्स देऊन तपासता येतो. जिथे मांडणीच्या दहा छटा तपासायच्या आहेत तिथे हे बरं पडतं. पण जोडलेल्या कंपोनंटची निदान एक टेस्ट खऱ्या स्टोअरसह हवीच. मॅपस्टेटमधली (स्टेटमधून प्रॉप्स काढणाऱ्या फंक्शनमधली) चूक दुसरीकडे कुठे पकडली जात नाही.

प्रोव्हायडर सापडत नाही

"कुड नॉट फाइंड रिअ‍ॅक्ट-रिडक्स कॉन्टेक्स्ट व्हॅल्यू" असा एरर आला की दहापैकी नऊ वेळा नुसतं रेंडर वापरलेलं असतं, मदतनीस नव्हे. दहाव्या वेळी प्रोव्हायडर दिसत असतो, तरी एरर येतो. तेव्हा एनपीएम एलएस करून रिअ‍ॅक्ट-रिडक्सच्या किती प्रती बसल्या आहेत ते बघा. मोनोरेपोमध्ये (अनेक पॅकेजं एकत्र ठेवलेल्या कोडमध्ये) अ‍ॅपच्या नोड-मॉड्यूल्समध्ये एक आणि सामायिक कंपोनंट पॅकेजमध्ये दुसरी प्रत असते. प्रोव्हायडर एका प्रतीचा, हुक दुसऱ्या प्रतीचा, म्हणजे दोन वेगळे कॉन्टेक्स्ट. सामायिक पॅकेजमध्ये ती पीअर डिपेंडन्सी (वापरणाऱ्याने स्वतः बसवायची) करा किंवा टेस्ट रनरच्या सेटिंगमध्ये दोन्ही आयाती एकाच जागी वळवा.

रिअ‍ॅक्टचा साधा कॉन्टेक्स्ट वापरणाऱ्यांना असा एररही मिळत नाही. प्रोव्हायडर नसेल तर क्रिएटकॉन्टेक्स्टला दिलेलं मूळ मूल्य गुपचूप वापरलं जातं आणि टेस्ट पास होते. कॉन्टेक्स्टचं मूळ मूल्य 'नल' ठेवा आणि तो वाचणाऱ्या हुकमध्ये नल मिळाल्यास एरर फेका.

अर्धवट स्टेट

टेस्टला फक्त सचिवाची भूमिका हवी म्हणून प्रीलोडेडस्टेटमध्ये सदस्य स्लाइसला 'भूमिका: सचिव' एवढंच दिलं, आणि कंपोनंट विंगचं नाव वाचताना कोसळला. कारण प्रीलोडेडस्टेट स्लाइसच्या मूळ स्टेटमध्ये मिसळला जात नाही. दिलेली स्लाइस मूळ स्टेटच्या जागी पूर्णपणे बसते. न दिलेल्या स्लाइस मात्र स्वतःची मूळ स्टेट घेतात. म्हणून 'टँकर' न देता चालतं आणि 'सदस्य' अर्धवट दिला तर चालत नाही.

उपाय सोपा आहे. रिडक्स टूलकिटच्या स्लाइसला 'गेटइनिशियलस्टेट' असतं. आधी ते पसरवा आणि त्यावर हवी ती फील्ड लिहा. प्रत्येक स्लाइससाठी असं एक छोटं फंक्शन करून ठेवा, जसं 'सदस्यबनवा', आणि त्याला फक्त फरक द्या. पुढे स्लाइसमध्ये नवीन फील्ड आलं तरी शंभर टेस्ट दुरुस्त कराव्या लागत नाहीत.

प्रीलोडेडस्टेटच्या किल्लीत टंकलेखनाची चूक झाली, 'टँकर'ऐवजी 'टँकर्स' लिहिलं, तर टेस्ट पडत नाही. कन्सोलवर "अनएक्स्पेक्टेड की" असा इशारा येतो आणि ती किल्ली दुर्लक्षिली जाते. टेस्ट रिकाम्या टँकर यादीवर चालते आणि कधीकधी पासही होते. टाइपस्क्रिप्टमध्ये प्रीलोडेडस्टेटचा टाइप रूट रिड्यूसरवरून काढला तर हे कंपाइल करतानाच पकडलं जातं.

फिक्स्चर हे फाइलच्या डोक्यावरचं ऑब्जेक्ट नको, नवं ऑब्जेक्ट परत करणारं फंक्शन हवं. एका टेस्टने सामायिक ऑब्जेक्टमधल्या यादीत जागच्या जागी एक टँकर ढकलला की पुढच्या टेस्टला तो मिळतो. उलट बाजूही आहे: रिडक्स टूलकिटमधला इमर (स्टेट बदलण्याचं काम करणारी लायब्ररी) स्टेटमधली ऑब्जेक्ट्स गोठवतो. तेच ऑब्जेक्ट नंतरच्या टेस्टमध्ये बदलायला गेलं की "रीड ओन्ली प्रॉपर्टी"चा एरर येतो, तोही भलत्याच ठिकाणी. मेमोइज केलेल्या (मागचं उत्तर लक्षात ठेवणाऱ्या) सिलेक्टरचं आणखी बारीक आहे. तो मॉड्यूल पातळीवर असतो, त्यामुळे नवं स्टोअर बनवलं तरी त्याची आठवण जात नाही. इनपुटचा संदर्भ तोच आणि आतला मजकूर बदललेला असेल तर तो जुनंच उत्तर देतो. दरवेळी नवं ऑब्जेक्ट दिलं की हे तिन्ही त्रास जातात.

कॅश

आरटीके क्वेरीची कॅश स्टोअरमध्येच राहते. म्हणून नवं स्टोअर म्हणजे नवी कॅश, आणि वेगळं काही करावं लागत नाही. स्टोअर सामायिक असेल तर मात्र गंमत बघा: पहिल्या टेस्टने पत्रकं आणली, दुसऱ्या टेस्टने एमएसडब्ल्यूला ५०० द्यायला सांगितलं, पण विनंती गेलीच नाही. न वापरलेला डेटा मूळ सेटिंगमध्ये ६० सेकंद टिकतो आणि दोन टेस्टमध्ये तेवढा वेळ जातच नाही. एररचा संदेश दिसत नाही म्हणून टेस्ट पडते आणि सगळे एमएसडब्ल्यूवर संशय घेतात. स्टोअर लगेच बदलता येत नसेल तर प्रत्येक टेस्टनंतर 'रीसेटएपीआयस्टेट' डिस्पॅच करा.

रिअ‍ॅक्ट क्वेरीमध्ये कॅश क्वेरीक्लायंटमध्ये असते. प्रत्येक टेस्टला नवा क्लायंट द्या आणि 'रिट्राय' बंद करा. बंद न केल्यास फेल झालेली विनंती तीनदा पुन्हा केली जाते, एक, दोन आणि चार सेकंदांच्या अंतराने. एरर दिसायला सात सेकंद लागतात. फाइंडबाय (मजकूर दिसेपर्यंत वाट बघणारं फंक्शन) एक सेकंदात हार मानतं आणि जेस्टची टेस्टही पाच सेकंदांत संपते.

ब्राउझरचं लोकलस्टोरेज ही तिसरी जागा. रिडक्स-पर्सिस्ट किंवा हाताने लिहिलेलं 'शेवटची विंग लक्षात ठेवा' असं काही असेल तर जेएसडॉममधलं (टेस्टसाठीच्या नकली ब्राउझरमधलं) लोकलस्टोरेज एका फाइलच्या सगळ्या टेस्टमध्ये तेच असतं. आफ्टरइचमध्ये (प्रत्येक टेस्टनंतर चालणाऱ्या भागात) ते रिकामं करा.

झुस्टँड

झुस्टँडमध्ये प्रोव्हायडर नसतो, स्टोअर मॉड्यूलमध्येच जन्मतं. सोय तीच आणि अडचणही तीच. प्रत्येक टेस्टआधी स्टोअरचं 'गेटइनिशियलस्टेट' घेऊन 'सेटस्टेट'ला द्या आणि दुसरं आर्ग्युमेंट 'ट्रू' ठेवा. ते नसेल तर मूळ स्टेट सध्याच्या स्टेटवर वरवर मिसळली जाते आणि मधेच जोडलेली फील्ड तशीच राहतात. कंपोनंट अजून स्क्रीनवर असताना रीसेट केलं तर अ‍ॅक्टचा (रिअ‍ॅक्टचे बदल पुरे होऊ देणाऱ्या टेस्टच्या मदतनीसाचा) इशारा येतो, म्हणून रीसेट अ‍ॅक्टमध्ये गुंडाळा. स्टोअर बरीच असतील तर अधिकृत मार्गदर्शनात दिल्याप्रमाणे झुस्टँडचं 'क्रिएट' मॉक करून प्रत्येक स्टोअरचं रीसेट फंक्शन एका संचात जमवा आणि सगळी एकदम चालवा.

'नॉट रॅप्ड इन अ‍ॅक्ट'

हा इशारा दाबून टाकू नका. टेस्टने लक्ष काढल्यानंतर कंपोनंट बदलला, असं तो सांगत असतो. तीन कारणं वारंवार भेटतात.

एक, टेस्ट संपली तेव्हा विनंती अजून हवेत होती. बटण दाबून फक्त "बटण निष्क्रिय झालं" एवढंच तपासलं आणि टेस्ट संपली. नंतर उत्तर आलं. शेवटी 'टँकर मागवला' या मजकुराची फाइंडबायने वाट बघा.

दोन, टेस्टमधून थेट स्टोअर डिस्पॅच केलं. तेवढी ओळ अ‍ॅक्टमध्ये घाला. त्याहून चांगलं म्हणजे ती अवस्था प्रीलोडेडस्टेटमधून द्या किंवा वापरकर्ता करेल तशी बटणावरून आणा.

तीन, यूजर-इव्हेंट या क्लिक, टायपिंगची नक्कल करणाऱ्या लायब्ररीच्या १४व्या आवृत्तीत सगळ्या क्रिया असिंक्रोनस झाल्या आणि क्लिकपुढे अवेट लिहायचं राहिलं. जुन्या आवृत्तीवरून आलेल्या कोडमध्ये हे हमखास सापडतं. अवेट सगळीकडे असूनही इशारा येत असेल तर टेस्टिंग लायब्ररीच्या 'डॉम' पॅकेजच्या दोन प्रती बसल्या आहेत का ते बघा. रिअ‍ॅक्ट टेस्टिंग लायब्ररीच्या १६व्या आवृत्तीपासून ते पॅकेज स्वतंत्र बसवावं लागतं. यूजर-इव्हेंट वेगळी प्रत वापरत असेल तर त्याच्या क्रिया अ‍ॅक्टमध्ये गुंडाळल्या जात नाहीत.

एकाऐवजी दोन बटणं

"फाउंड मल्टिपल एलिमेंट्स" हा एरर आणि छापलेल्या डॉममध्ये (पानाच्या रचनेत) पूर्ण कार्ड दोनदा. व्हिटेस्टवर आलेल्यांना हे पहिल्याच दिवशी भेटतं. टेस्टिंग लायब्ररी प्रत्येक टेस्टनंतर स्वतःहून सफाई करते, पण त्यासाठी तिला जागतिक पातळीवर आफ्टरइच सापडावं लागतं. व्हिटेस्टमध्ये 'ग्लोबल्स' मूळ सेटिंगमध्ये बंद असतात, म्हणून सफाई होत नाही. ग्लोबल्स चालू करा किंवा सेटअप फाइलमध्ये आफ्टरइच आयात करून त्यात क्लीनअप बोलवा. 'गेटऑलबाय' वापरून पहिलं बटण उचलणं म्हणजे मागच्या टेस्टचं, जुन्या स्टोअरला जोडलेलं बटण दाबणं.

गुरुवार नेमका कधी लागतो

आता सीआयवरच पडणाऱ्या टेस्ट. पुण्यातला लॅपटॉप भारतीय वेळेवर, सीआयचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), फरक साडेपाच तासांचा. भारतात गुरुवार लागतो तेव्हा यूटीसीत बुधवारचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. टेस्टने घड्याळ गुरुवार, ८ ऑगस्ट २०२४, पहाटे ४ वाजता भारतीय वेळेवर लावलं, तर यूटीसीत तो बुधवार, ७ ऑगस्ट, रात्री साडेदहा. कंपोनंटमधलं 'गेटडे' मशीनच्या टाइमझोनवरून वार सांगतं. लॅपटॉपवर गुरुवार, सीआयवर बुधवार. पट्टी दिसत नाही.

घड्याळ लावलेलंच नसेल तर टेस्ट दिवसावर आणि वेळेवर अवलंबून पडते. भारतात मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत चाललेल्या रात्रीच्या बिल्डमध्येच ती दिसते. "सकाळी आलो की लाल असतं" या तक्रारीचं मूळ इथे असू शकतं.

तारखेच्या लिखाणातही फरक आहे. '२०२४-०८-०८' असं नुसतं लिहिलं तर जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र धरते, म्हणजे भारतात पहाटे साडेपाच. पुढे वेळ जोडली पण टाइमझोन लिहिला नाही तर ती मशीनची स्थानिक वेळ धरली जाते. टेस्टमध्ये कायम 'अधिक ०५:३०' किंवा यूटीसीचा 'झेड' स्पष्ट लिहा.

खरी दुरुस्ती कंपोनंटमध्ये करा. सोसायटी पुण्यात आहे, पण तिचा सभासद दुबईत बसूनही अ‍ॅप उघडतो. वार काढताना इंटलच्या डेटटाइमफॉरमॅटला 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन द्या. मग मशीन कुठलंही असो. त्यानंतर टेस्ट चालवण्याच्या स्क्रिप्टमध्ये टीझेड हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल एकदा यूटीसी आणि एकदा एशिया/कोलकाता ठेवून दोन्ही फेऱ्या करा. ते टेस्ट फाइलच्या आत लावू नका. प्रोसेस सुरू होण्याआधी किंवा ग्लोबल सेटअपमध्ये लावा. विंडोजवर क्रॉस-एन्व्ह लागेल.

घड्याळ लावताना आणखी एक खड्डा. खोटे टायमर लावले की यूजर-इव्हेंट आपल्या आतल्या विलंबासाठी थांबून राहतो आणि टेस्ट पाच सेकंदांनी मरते. सेटअपमध्ये 'अ‍ॅडव्हान्सटायमर्स' हा पर्याय देऊन त्याला जेस्टचं किंवा व्हिटेस्टचं वेळ पुढे ढकलणारं फंक्शन द्या. व्हिटेस्टमध्ये वेटफॉरही अडकतं, कारण टेस्टिंग लायब्ररी फक्त जेस्टचे खोटे टायमर ओळखते. आपल्याला वार तेवढा हवा असेल तर सगळे टायमर खोटे करायचं कारणच नाही. व्हिटेस्टच्या 'टूफेक' यादीत फक्त डेट ठेवा. जेस्टमध्ये उलट, 'डूनॉटफेक' यादीत बाकीचे टायमर लिहा. टेस्ट संपली की खरं घड्याळ परत लावा.

सव्वा लाख कसे लिहायचे

टँकरचं थकलेलं बिल १,२५,००० रुपये. 'टूलोकॅलस्ट्रिंग'ला लोकॅल दिलं नाही तर ते मशीनचं घेतं. भारतीय इंग्रजीवर लॅपटॉप १,२५,००० दाखवतो, अमेरिकन इंग्रजीवर सीआय स्वल्पविराम फक्त हजारानंतर देतो आणि १२५,००० छापतो. मराठी-भारत हे लोकॅल दिलं की अंक देवनागरीत येतात, म्हणून रोमन अंकांचा मजकूर शोधणारी टेस्ट पडते. लोकॅल कंपोनंटमध्ये स्पष्ट द्या आणि टेस्टमध्ये अपेक्षित मजकूर हाताने लिहा. टेस्टमध्ये तेच फॉरमॅट फंक्शन वापरून अपेक्षित उत्तर काढलं तर दोन्हीकडे एकच चूक होते आणि टेस्ट हिरवी राहते.

वेग

फाइंडबाय आणि वेटफॉर मूळ सेटिंगमध्ये १,००० मिलिसेकंद थांबतात आणि दर ५० मिलिसेकंदांनी तपासतात. कमी कोअरच्या सीआय मशीनवर अनेक फाइल्स एकदम चालताना एक सेकंद अपुरा पडू शकतो. पण मर्यादा वाढवण्याआधी गेटबायरोल कुठे वापरलंय ते बघा. जेएसडॉममध्ये मोठ्या झाडावर ते महाग आहे, कारण प्रत्येक एलिमेंटची भूमिका आणि दृश्यता काढावी लागते. दोनशे फ्लॅटची यादी असलेलं पूर्ण पान रेंडर करून त्यात एक बटण शोधण्यापेक्षा कार्ड एकटं रेंडर करा, किंवा 'विदिन' वापरून शोध त्या कार्डापुरता ठेवा. रोलने शोधणं सोडू नका. ते बटण स्क्रीन रीडरला सापडेल की नाही हेही त्यातच तपासलं जातं. एवढं करूनही पुरत नसेल तर सेटअप फाइलमध्ये 'एसिंकयूटिलटाइमआउट' ३,००० करा. ५,००० करू नका. मग टेस्टची स्वतःची पाच सेकंदांची मर्यादा आधी संपते आणि कोणता मजकूर सापडला नाही हे सांगणारा उपयोगी एरर मिळतच नाही.

जुना प्रकल्प असेल तर कुठून सुरुवात

तीनशे टेस्ट सामायिक स्टोअरवर लिहिलेल्या असतील तर सगळ्या एकदम बदलू नका. आधी सेटअपस्टोअर आणि रेंडरविथप्रोव्हायडर्स तयार करा. जुनं एक्स्पोर्ट केलेलं स्टोअर त्याच फंक्शनातून बनवून तसंच ठेवा, म्हणजे काहीच मोडत नाही. मग सेटअप फाइलमध्ये आफ्टरइच घाला: क्लीनअप, लोकलस्टोरेज रिकामं, एमएसडब्ल्यूचे हँडलर रीसेट, खरं घड्याळ. नुसत्या एवढ्यानेही गळतीच्या बऱ्याच वाटा बुजतात. त्यानंतर क्रम विस्कटून चालवा आणि पडणाऱ्या फाइल्स एकेक करून नव्या मदतनीसावर आणा. टेस्टमधून स्टोअरची थेट आयात शेवटी ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाच्या 'नो-रिस्ट्रिक्टेड-इम्पोर्ट्स' नियमाने बंद करा, फक्त टेस्ट फाइल्सपुरती. नियम आधी लावला तर लोक तो गप्प करण्याच्या ओळी लिहितात आणि त्या कोडमध्ये कायमच्या राहतात.